न दिसलेले पाच टक्के

कौलं आणि कॅमेरा, दोन्हींचे खर्च एकाच आठवड्यात दारात उभे राहिले. मे महिना नुकताच लागला होता. नवरा शिडी लावून छपरावर चढला होता आणि फुटकी कौलं एकेक करून खाली माझ्या हातात देत होता. मागच्या पडवीवरचा वासा त्याने बोटाने दाबला, तर बोट आत गेलं. वाळवी. तो खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "नुसतं शाकारून भागायचं नाही. हे छप्पर पुढचा पाऊस काढणार नाही." त्याच दुपारी फोनवर नेहमीचा मेसेज आला. कॅमेऱ्याचा हप्ता ७,८५० रुपये, पाच तारखेला खात्यात शिल्लक ठेवा.

त्या वर्षी आंबा नव्हता. मोहोर चांगला धरला होता, पण थंडी मध्येच मोडली, अवेळी पाऊस पडला आणि राहिलेल्या मोहोरावर फुलकिडे बसले. फवारण्यांचा खर्च मात्र पुरेपूर झाला. बागायतदाराच्या घरात असं वर्ष येतंच, त्याचं कौतुक सांगत बसण्यात अर्थ नाही. पण बाग हातची गेली की घर माझ्या लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं, आणि ऑर्डरी ज्या कॅमेऱ्यावर चालतात तोच कर्जाचा होता. अजून अकरा हप्ते बाकी होते.

मी लग्नाचे फोटो काढते. आचऱ्यापासून कणकवलीपर्यंत आणि खाली मालवणापर्यंत माझं काम चालतं. सुरुवातीला लोक मला बोलवत ते बाई आहे म्हणून. नवरीच्या खोलीत, जिथे आया, मावश्या, आत्या दार लावून घेतात, तिथे मला बसता येतं. हळद लावताना नवरीची आई जशी दिसते तशी ती पुन्हा दिवसभरात दिसत नाही, आणि ते बाहेर थांबलेल्या फोटोग्राफरला मिळत नाही. माझी सगळी कमाई त्या बंद दाराच्या आतली.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला हा नवा कॅमेरा, मी हौसेने घेतला नव्हता. कॅमेरा माणसाचा डोळा स्वतःच शोधतो, फोकस चुकत नाही, आवाज होत नाही, व्हिडिओ उत्तम. कामाला तो चोख होता, त्याची तक्रार करायला मला जागा नाही. तरी त्या रात्री माजघरात वही घेऊन बसल्यावर आकडे सरळ होते. बॉडी आणि दोन लेन्स विकून आलेल्या पैशांत कर्ज मिटत होतं, वासे आणि रिपा येत होत्या, आणि एखादी जुनी बॉडी घेण्यापुरतं उरत होतं. पुढे दरमहा ७,८५० रुपये घरात राहणार होते. नवऱ्याने विचारलं, "जुन्यावर तुझं काम होईल?" मी म्हटलं, "बघते." होईल असं म्हणायला तोंड उघडलं नाही.

कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या धरली. पहाटे सीएसएमटीला उतरले आणि फलाटावरच चहा घेऊन दुकानं उघडायची वाट पाहिली. स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की फोर्टातली बोरा बझार. कॅमेरे, फ्लॅश, बॅटऱ्या, बॅगा, दुरुस्ती, सगळं त्याच गल्ल्यांत. मला काय हवं ते मी गाडीतच ठरवलं होतं: निकॉनचा डी७००.

हा कॅमेरा २००८ च्या जुलैमध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी निकॉनने डी३ काढला होता, वर्तमानपत्रांच्या आणि खेळाच्या फोटोग्राफरांसाठीचा, मोठ्या अंगाचा. त्या डी३ मधला १२.१ मेगापिक्सलचा फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या रिळाच्या चौकटीएवढा, सेन्सर आणि त्याचीच ५१ बिंदूंची फोकस यंत्रणा त्यांनी लहान बॉडीत बसवली, तो डी७००. अमेरिकेत तेव्हा नुसत्या बॉडीला ३,००० डॉलर पडत. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, सांध्यांना धूळ-पाणी अडवणारी रबरी बांधणी, एका सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत जाणारं शटर. व्हिडिओ नाही. आता त्याची किंमत उतरली ती त्याने काम करणं सोडलं म्हणून नाही. लोकांना त्याच्यापेक्षा जास्त हवं झालं म्हणून.

आणखी एक कारण होतं, आणि ते पैशांचंच होतं. डी७०० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे. जुन्या डी मालिकेच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, बॉडीतला एक छोटा स्क्रू बाहेर येऊन लेन्सच्या खाचेत बसतो आणि तो लेन्स फिरवतो. म्हणजे ज्या लेन्स निकॉनच्या नव्या मिररलेसवर कंपनीचा अॅडाप्टर लावूनही आपोआप फोकस होत नाहीत, त्या इथे होतात. तेवढ्यामुळे त्या स्वस्त आहेत. ५० मिलिमीटरची एफ १.८ डी, जेमतेम दीडशे ग्रॅमची, मला एका साडीच्या भावात मिळाली.

दुकानदार वयस्कर होते. त्यांनी तीन पीस काढून काउंटरवर ठेवले. "हा प्रेसवाल्याचा, हा स्टुडिओचा, हा हौशी माणसाचा. हौशीचा दिसायला सुंदर आहे." मी प्रेसवाल्याचा उचलला. कडांचा काळा रंग उडून आतला धातू चमकत होता, अंगठ्याखालचं रबर झिजलं होतं, पण कार्डाच्या खोबणीत टॉर्च मारून पाहिलं तर पन्नासच्या पन्नास पिना सरळ. सीएफ कार्ड तिरकं घुसवलं की यातली एखादी वाकते आणि मग सगळंच अडतं. दुकानाबाहेर येऊन एफ १६ वर आकाशाचा फोटो घेतला, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी कळते. टोपण लावून लांब एक्सपोजर दिलं, जळालेले पिक्सल चांदण्यांसारखे उमटतात. सगळ्यात जलद शटरवर पाच-सहा फोटो काढले, शटरचा पडदा रेंगाळत असेल तर कडेला काळी पट्टी येते. लेन्स उजेडासमोर धरून मागून पाहिली. हे सर्वांत महत्त्वाचं, आणि दुकानदाराला त्याचं आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, "आम्ही समुद्राकडचे. बुरशी आम्हाला दुरून ओळखू येते." मग मी लेन्स नाकाशी नेली. बंद पेटीतल्या ओल्या कपड्याचा वास येत असेल तर ती घ्यायची नाही, काच कितीही स्वच्छ दिसो.

शटर ७१ हजार वेळा पडलेलं होतं. फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा लपलेला असतो, लॅपटॉपवर वाचता येतो. कंपनीने या शटरची चाचणी दीड लाखापर्यंत केलेली आहे. म्हणजे अर्धं आयुष्य एका अनोळखी माणसाने वापरून झालेलं. कुठले मोर्चे, कुठल्या सभा, कुठल्या आगी त्याने याच्यातून पाहिल्या असतील कोण जाणे. उरलेलं अर्धं माझं. बॉडी, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि दोन जुनी कार्डं मिळून २८ हजार मोजले आणि रात्रीच्या गाडीने परत आले.

पिशवी खांद्यावर जड लागत होती. नुसती बॉडीच जवळजवळ एक किलोची, बॅटरी वेगळी.

पाऊस लागायच्या आत छप्पर झालं. मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात कॅमेरा वापरण्यापेक्षा सांभाळण्याचंच काम जास्त असतं. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. भिंती घाम गाळतात, काडेपेटी पेटत नाही, चामड्याच्या चपलेवर एका रात्रीत पांढरी लव येते. तीच लव लेन्सच्या काचेवर येते तेव्हा आधी कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा दिसतो. वेळीच पुसली तर निघते. राहिली तर बुरशीतून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप खातं आणि तो डाग कायमचा. जुने फोटोग्राफर कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचे. वीज गेली की ते कपाटही ओलं. मी हवाबंद डबा वापरते, तांदळाचा असतो तसला, आणि आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. कोरडे असतात तोवर ते दाणे निळे असतात, ओल पिऊन गुलाबी होतात, आणि तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चुलीजवळ येऊन म्हणाल्या, "भाकरीच्या तव्यार काय भाजतंस गो?" त्या रागावल्या ते बरोबरच होतं. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, खाण्याच्या भांड्याजवळसुद्धा तो येता कामा नये. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून वेगळा तवा आणला आणि तो मागच्या पडवीत, नव्या वाशाला खिळा मारून टांगला.

याच डब्यापाशी बसलेली असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मनातून जाईना. नवा कॅमेरा दोन वर्षं माझ्याकडे होता. समुद्र आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. त्या दोन वर्षांत तो कॅमेरा समुद्रावर एकदा गेला, तोही एका जोडप्याच्या प्री-वेडिंगसाठी, आणि तेव्हाही लेन्स बदलायची वेळ आली तशी मी गाडीत जाऊन काचा वर केल्या होत्या. खारा वारा, उडणारी वाळू, आणि सेन्सर उघडा. माझे हात थरथरत होते. एवढंच कशाला, शिमग्यात पालखी अंगणात आली तेव्हाही मी तो बाहेर काढला नव्हता. गुलाल बारीक असतो, कुठेही शिरतो. जत्रेतला दशावतार मी दोन्ही वर्षं रिकाम्या हातांनी पाहिला. हप्ते चालू असलेली वस्तू गर्दीत नेववत नव्हती. दोन वर्षांच्या फोटोंची फोल्डरं उघडून पाहिली. हॉल, हॉल, हॉल. फुलांच्या भिंती, खुर्च्यांना बांधलेल्या फिती. ज्या गावात मी राहते त्या गावाचा त्यात मागमूस नव्हता. मी इथे लग्न होऊन आले, हा गाव डोळ्यांनी पाहून शिकले, आणि माझ्याकडे त्याचे फोटो नाहीत. त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला. ऑक्टोबरात एका पहाटे रापण लागल्याचं कळलं तशी डी७०० गळ्यात घालून गेले. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ फिरवून टाकलेलं लांबच लांब जाळं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोऱ्यांना तीस-चाळीस माणसं. पाय वाळूत रोवून, पाठ समुद्राकडे किंवा तोंड समुद्राकडे, तासन् तास ओढत राहायचं. जाळं जवळ येतं तसे दोन्ही गट एकमेकांकडे सरकतात. मी गुडघाभर पाण्यात उतरले. लाट आली, कमरेपर्यंत भिजले, कॅमेऱ्यावर शिंतोडे उडाले. पदराने पुसले आणि पुढे झाले. एक म्हातारा ओरडला, "वयनी, फोटो मगे काढ, आधी दोरी धर!" कॅमेरा पाठीवर टाकला आणि दोरी धरली. ओढली तेव्हा कळलं की ओढणारा माणूस एका लयीत ओढतो, दोन पावलं मागे आणि एक क्षण विसावा, आणि त्या विसाव्यात सगळे एकदम मान वर करून समुद्राकडे पाहतात. दोरी सोडून मी त्याच क्षणाची वाट पाहत उभी राहिले. जाळ्याचा घोळ किनाऱ्याला लागला तेव्हा आत बांगडे आणि पेडवे उसळत होते, पहाटेच्या उजेडात नाण्यांसारखे. दोरी ओढली म्हणून वाटणीत माझ्याही पिशवीत सहा बांगडे पडले. घरी आल्यावर आधी कॅमेरा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या, आणि मग मासे साफ करायला बसले.

असं सांगितलं की सगळंच छान झालं असं वाटेल. तसं झालं नाही. व्हिडिओ येत नाही म्हणून त्या मोसमात माझ्या चार ऑर्डरी गेल्या. लोकांना आता लग्नाच्या रात्रीच रील लागतं. एका हॉलमध्ये नवऱ्यामुलाच्या मित्राने माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहून सगळ्यांसमोर विचारलं, "हा कुठल्या सालचा?" मी साल सांगितलं. पुढचा अर्धा तास नवरीची आई माझ्याकडे काळजीने बघत होती, आणि त्या बघण्याचा मला त्रास झाला, अजून होतो. शटरचा आवाज मोठा आहे. मंगळसूत्र बांधताना भटजी मंत्र म्हणत थांबतात त्या शांततेत तो खटकन वाजतो आणि सगळे वळून पाहतात. फोकसचे ५१ बिंदू चौकटीच्या मधोमध दाटीने आहेत, कडेच्या माणसाचा डोळा पकडायचा तर आधी फोकस करून मग चौकट सरकवावी लागते, आणि तेवढ्यात माणूस हललेलं असतं. पहिल्या महिन्यात दहातले तीन फोटो हलके मऊ आले. मान आणि उजवं मनगट संध्याकाळी दुखतं, त्याला शेक देते.

पिक्सलचं मात्र मला भय वाटत होतं तेवढं खरं नव्हतं. या सेन्सरचा फोटो ४२५६ गुणिले २८३२ पिक्सलचा. बारा बाय अठराच्या कागदावर इंचाला साधारण २३६ पिक्सल पडतात, हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला ते भरपूर होतात. करिझ्मा अल्बमच्या पूर्ण छत्तीस इंचांवर एकच फोटो पसरायचा म्हटलं तर मात्र ओढाताण होते, तिथे मी दोन पानांवर दोन फोटो लावते. नंतर कातरून जवळचं करू म्हणून लांबून काढायची सोय राहिली नाही. जवळ जावं लागतं. जुन्या सेन्सरचे रंगच न्यारे, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तसं दिसलं नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल, उघडली की रंग आपल्या हातात असतात, आणि अंधारात नवा सेन्सर सरसच आहे. उगाच खोटं कशाला बोलायचं.

एक खोड मात्र मला सुरुवातीला फार छळत होती. मिररलेसमध्ये जे दिसतं तेच आणि तेवढंच फोटोत येतं. डी७०० च्या डोळा लावायच्या खिडकीतून फोटोचा पंच्याण्णव टक्के भागच दिसतो, रुंदीतही आणि उंचीतही. म्हणजे क्षेत्रफळाने पाहिलं तर जवळजवळ दहावा हिस्सा तुम्हाला न दिसता फोटोत येतो. तुम्ही चौकट मापून लावता, कडा स्वच्छ ठेवता, आणि घरी येऊन पाहता तर एका बाजूला वाढप्याचं कोपर, दुसरीकडे पंख्याचं पातं, खाली कुणाची चप्पल. लॅपटॉपवर प्रत्येक फोटोच्या कडा कातरायचं एक नवंच काम मागे लागलं. रात्री जेवणं झाली की मी कातरत बसायची.

त्या वर्षी आचऱ्याची गावपळण होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर काही वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की सगळा आचरा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातो. तीन दिवस आणि तीन रात्री. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. कुणाची कुठली जात, कुठला धर्म हे त्यात येत नाही. शेजारच्या गावांच्या हद्दीत राहुट्या घालतात, झाप आणि कापडाच्या, आणि तिथे चुली मांडतात. गावात दिवा लागत नाही. मग पुन्हा कौल होतो आणि सगळे परततात. आदल्या खेपेला मी नवीन लग्न झालेली, सामान बांधण्यातच माझे तीन दिवस गेले होते.

आमची राहुटी चिंदरच्या हद्दीत, काजीच्या झाडांखाली होती. तिथे वीज नव्हती. निघताना मी दोन बॅटऱ्या भरून घेतल्या. या कॅमेऱ्याची एक बॅटरी हजारभर फोटो चालते, कंपनीचाच आकडा आहे आणि तो खरा आहे, कारण पडदा सतत पेटवावा लागत नाही, आपण काचेतून नुसतं पाहत असतो. माझ्या आधीच्या कॅमेऱ्याला दिवसाला तीन बॅटऱ्या लागत. आठ जीबीच्या कार्डात तीनशेच्या आसपास रॉ फोटो मावतात, कार्डं दोनच. म्हणजे तीन दिवसांना सहाशे. मी मोजून वापरायचे ठरवले आणि पहिल्या संध्याकाळपर्यंत चाळीसच झाले, कारण तिथे मी फोटो काढायला आलेली बाई नव्हते. पाणी आणायचं होतं, चूल पेटवायची होती, भात शिजवायचा होता.

पहिल्या रात्री कुणालाच झोप आली नाही. भजन झालं, बायकांनी फुगड्या घातल्या, सत्तरीच्या दोघी एकमेकींचे हात धरून फिरल्या तेव्हा बाकीच्यांनी टाळ्यांचा गजर केला. थोड्या वेळाने सगळं शांत झालं आणि झाडांच्या पलीकडे गावाच्या बाजूला पूर्ण काळोख दिसला. रोज ज्या दिशेला दिवे असतात तिथे काहीच नाही. आपलं घर तिथे आहे, छप्पर नवं आहे, आत कुणी नाही. माझ्या शेजारी बसलेली काकी बराच वेळ तिकडे पाहत होती. मग म्हणाली, "आपण नसताना गाव असो दिसता." मी कॅमेरा उचलला नाही. काळोखाचा फोटो कसा काढायचा ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या रात्री थंडी वाजू लागली. मुलांनी पाचोळा गोळा करून शेकोटी केली. एक आजोबा त्यांना गोष्ट सांगत होते, मागच्या कितीतरी गावपळणींच्या गोष्टी, कुणाची गाय मध्यरात्री दावं तोडून गावात परत गेली आणि तिच्यामागे जायला कुणी धजेना. शेजारच्या घरातली सहा वर्षांची मुलगी, गुडघ्यांना मिठी मारून, तोंड उघडं टाकून ऐकत होती. जाळाचा उजेड तिच्या गालावर येत-जात होता. आयएसओ ६४००, एफ २, सेकंदाचा साठावा भाग. खिडकीत मला ती, तिच्या डोळ्यांतला जाळ आणि मागचा काळोख एवढंच दिसत होतं. मी श्वास धरून चार फोटो काढले. खटक्याचा आवाज झाला. ती वळली नाही, ती गाईच्या मागे गावात पोचली होती.

तिसऱ्या दिवसानंतर घरी परतलो. चार-पाच दिवस झाडलोट, गुरांचं, बागेचं काम. मग एका रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं आणि फोटो एकेक उघडत बसले. त्या मुलीचा फोटो आला. चारांतला तिसरा. बरोबर होता. मला हवा होता तसाच. फक्त डाव्या कडेला काहीतरी शिरलं होतं, लालसर उजेडात, अर्धवट. सवयीप्रमाणे मी कातरायची चौकट ओढली आणि कड बाहेर टाकली.

सासूबाईंबद्दल इथे सांगायला हवं. मी फोटो काढते याचा त्यांना अभिमान आहे, चारचौघांत सांगतात. पण त्यांचा स्वतःचा फोटो कुणालाच काढू देत नाहीत. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर जातो, नाहीतर त्या उठून आत जातात. "माका नको," एवढंच. मी कधी जबरदस्ती केली नाही. घरात त्यांचा एकच फोटो आहे, लग्नातला, तोही माणसांच्या तिसऱ्या रांगेत मान खाली घातलेला.

त्या रात्री त्या माझ्यासाठी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मला वाटलं, नात्यातली मुलगी आहे म्हणून बघतायत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कडेक होता ता खय गेला?"

"काय होतं?"

"हात व्हतो मां."

मी कातरलेलं परत आणलं. डाव्या कडेतून एक हात आत आला होता आणि मुलीच्या खांद्यावर चादर सारत होता. मनगटावर हिरव्या काचेच्या दोन बांगड्या. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं, खूप वर्षांपूर्वी आडाळ्यावर नारळ खवताना कापलं होतं तेव्हापासून ते तसंच वाढतं. खिडकीत तो हात मला दिसला नव्हता. त्या तिथे माझ्या इतक्या जवळ बसल्या होत्या हेही मला माहीत नव्हतं. आणि त्यांना कॅमेरा दिसत असूनही त्या उठून गेल्या नव्हत्या, मुलीला थंडी वाजत होती म्हणून.

"तो कापू नको गो," त्या म्हणाल्या. "माजो हात तो."

मी वळून पाहिलं तर त्या पडद्याकडेच पाहत होत्या, पदर जागच्या जागी. नंतर म्हणाल्या, "मोठो करून हाड."

पुढच्या आठवड्यात कणकवलीच्या लॅबमधून बारा बाय अठराचा करून आणला, कडा न कातरता. कुठे लावायचा ते त्यांनीच ठरवलं, मागच्या पडवीत, नव्या वाशाखाली, तव्याच्या शेजारी. येणारे-जाणारे पाहतात आणि विचारतात, कुणाची गो ही पोर. सासूबाई मुलीचं नाव सांगतात, तिच्या आईचं सांगतात, त्या रात्रीची गाईची गोष्ट सांगतात. हात कुणाचा ते अजून कुणी विचारलेलं नाही, आणि त्याही सांगत नाहीत.